दोन्ही हात वर

"वॉटरपोलोने मला तीन गोष्टी शिकवल्या," असं म्हणून उपनगराध्यक्ष विन्कोने पोट आत ओढलं, कारण कॅमेरा त्याच्याकडे वळला होता. "संयम, संघभावना आणि प्रामाणिकपणा."

पोहण्याच्या तलावाच्या काठावर ओल्या टोप्या घालून एकोणीस मुली बसल्या होत्या. एकीनेही टाळी वाजवली नाही. विन्को कधीकाळी गावाच्या संघात होता हे खरं. गोल किती मारले ते मात्र त्यालाच विचारावं, आम्हाला एकही आठवत नाही.

"आणि खेळ म्हणजे त्याग. त्याग!"

दोनदा म्हणाला, कारण घोडं तिथेच अडलं होतं. खाडीत क्रूझची जहाजं येतात, त्यांच्या प्रवाशांच्या बसगाड्यांना जागा हवी म्हणून सोमवारपासून तलाव बुजवायचा होता. मुलींच्या वॉटरपोलो क्लबने तो राजीखुशीने सोडला, असा कागद तयार होता. त्यावर प्रशिक्षक नेवेन्काची सही तेवढी बाकी होती आणि ती कॅमेऱ्यासमोर हवी होती. त्यासाठीच हे सगळं प्रवचन.

विन्कोने कागद आणि पेन तिच्या हातात दिलं.

"वाचू तरी दे."

"अगं, वाचायचंय काय त्यात? नवा तलाव देणारच आहोत ना तुम्हाला."

"कुठे?"

"जागा बघतोय."

"पुढच्या महिन्यात बुड्वा शहराच्या मुलींशी सामना आहे. तोवर या पोरींनी सराव कुठे करायचा, तुझ्या न्हाणीघरात?"

मुली फिसकन हसल्या. विन्कोचा चेहरा पडला, पण माणूस मुरलेला. त्याने लगेच आवाज ओला केला.

"मला वाईट वाटत नसेल का, नेवेन्का? याच पाण्यात वाढलोय मी. पण निर्णय वरून आलाय." त्याने दोन्ही हात खांद्यांच्या वर नेले, तळवे समोर. "माझा यात काडीचाही संबंध नाही."

मागच्या खुर्चीत त्रिपोकाका बसले होते. या तलावात चाळीस वर्षं पंच म्हणून शिट्टी वाजवलेला माणूस. ते खो खो हसत सुटले.

"काय झालं, काका?" विन्कोने विचारलं.

"काही नाही रे. खेळताना कुणी असे दोन्ही हात पाण्याबाहेर काढून दाखवले ना, की मी आधी खाली बघायचो. पायांनी कुणाला बुडवतोय ते."

एकोणीस मुलींच्या नजरा विन्कोच्या पायांकडे गेल्या. कॅमेरावाल्यानेही कॅमेरा हळूच खाली घेतला, त्याच्या चकचकीत बुटांपर्यंत. विन्कोला पाय कुठे ठेवावेत कळेना.

नेवेन्काने पेनाला टोपण लावलं. सही न केलेला कागद तिने त्याच्या वर गेलेल्या हातात कोंबला.

"धर. आणि हात खाली घे आता," ती म्हणाली. "सगळं दिसतंय."