काथ्याचे दोन थर

“अजून येतोय,” मास्तर म्हणाले. “बारीक, शिट्टीसारखा. अरे, बंद करा म्हणावं कुणीतरी!”

काथ्यावाल्याने हातातली लाकडी पट्टी खाली ठेवली आणि कान दिला. पहिला थर लावून महिना झाला होता. मास्तरांच्या खोलीच्या चारही भिंतींवर नारळाच्या काथ्याचे जाड तक्ते आणि त्यांवर ताणून बसवलेलं तागाचं कापड. टाळी वाजवली तर ती तिथल्या तिथे विरून जायची, जराही घुमायची नाही. त्याला काही म्हणता काही ऐकू येईना.

“बाबा, आज दुसरा थर लागतोय ना,” सून म्हणाली. “मग बघा कसं वाटतं ते.”

मास्तर तिचे सासरे. चाळीस वर्षं शाळा चालवलेला माणूस. ते वर्गात शिरले की टाचणी पडली तरी ऐकू यायची. आणि आता सात महिने झाले, त्यांच्याच कानात एक शिट्टी घुसून बसली होती. जेवताना, बोलताना, आडवं पडल्यावर, सदा चालूच. सात महिन्यांत त्यांना सलग दोन तास झोप लागली नव्हती. डोळे खोल गेले होते, सदरा खांद्यावरून ओघळत होता. पहिल्या बातमीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत पेपर वाचणारा हा माणूस, पण आता त्यांना एक बातमी पुरी करता येईना. झोप मिळावी, एवढं एकच मागणं उरलं होतं त्यांचं.

सुनेने त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं.

“डॉक्टर काय पुटपुटले कुणास ठाऊक,” मास्तर काथ्यावाल्याला सांगायचे. “माझा एक कान तसाही कामातून गेलाय. पण हिने सगळं नीट विचारून घेतलं, बरं का. बाहेर आल्यावर मला मोठ्याने सांगितलं, पूर्ण शांतता हवी. दुसरं औषधच नाही.”

आणि सुनेने ते औषध सुरू केलं तेही कसं! भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. रेडिओ शेजाऱ्यांना देऊन टाकला. फ्रिज पार मागच्या खोलीत नेला. एवढा उकाडा, पण पंख्याची घरघर नको म्हणून स्वतः हाताने वारा घालत बसायची. खिडकीत काथ्या ठासून भरलेली फळी बसवून घेतली. नवरा नोकरीपायी महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी, म्हणजे सगळं हिच्या एकटीच्या डोक्यावर. काथ्यावाल्याला बाईचं भारी कौतुक वाटायचं. त्याच्या घरी दोन सुना होत्या आणि दोघी मिळून त्याला एक कप चहा वेळेवर देत नव्हत्या.

तो पट्ट्या ठोकायला लागला. मास्तर दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. ठोकाठोकी चालू होती तोवर त्यांना जरा तरतरी आली, गप्पांची लहर आली.

“ही लग्न होऊन आली ना, तेव्हा दिवसभर गुणगुणायची,” ते म्हणाले. “गाणं शिकली होती म्हणे. भांडी घासताना गाणं, कपडे वाळत घालताना गाणं. मी म्हटलं, बाई गं, हे घर आहे, नाटकाचा तंबू नव्हे. चार महिन्यांत सवय मोडली. विचारा तिला!”

“हो ना, चारच महिने लागले,” सून हसत म्हणाली आणि त्यांच्या पाठीशी उशी सरकवली.

“तंबोरा होता एक. तोही देऊन टाकला मी. उगाच जागा अडवत होता.”

“अडवतच होता,” सून म्हणाली.

काम दुपारी चारला संपलं. काथ्यावाल्याची एक पद्धत होती. खोली झाली की तो दार लावून आत एकटाच बसायचा, कुठे फट राहिली का ते कानाने हुडकायचा. आजही बसला. सुरुवातीला बरं वाटलं. मग स्वतःचा आवंढा गिळल्याचा आवाज आला. मान वळवली तर मान करकरली. छातीतली धडधड ऐकू यायला लागली आणि मग कानात कुठेतरी एक बारीक सूर लागला. बाप रे, हा आपल्याही कानात आहे? पाच मिनिटांत तो घामाघूम होऊन बाहेर आला.

मग मास्तर आत गेले. सुनेने दार ओढून घेतलं. थोड्या वेळाने आतून दारावर थापा पडल्या, अगदी मऊ, दबलेल्या. तिने दार उघडलं.

“वाढलाय गं!” मास्तर लहान मुलासारखे रडत होते. “आता नुसता किंचाळतोय. मला वेड लागेल. पोरी, काहीतरी कर. तुझ्याशिवाय कोण आहे मला?”

तिने पदराने त्यांचे डोळे पुसले. “होईल कमी, बाबा. जरा धीर धरा.” त्यांचा हात धरून तिने त्यांना पलंगावर निजवलं, अंगावर चादर घातली आणि बाहेर येऊन दार लावलं.

काथ्यावाला हे सगळं बाजूला उभा राहून पाहत होता. इतकी मायेने करणारी सून, आणि काहीच गुण येऊ नये? तो अवजारं आवरता आवरता थांबला.

“ताई, माझं चुकत असेल तर सोडून द्या,” तो हळू आवाजात म्हणाला. “पण ती शिट्टी बाहेरून येतच नाही. त्यांच्या कानातच आहे. बाहेरचं सगळं बंद केलं की तेवढी तीच उरते. मी आत पाच मिनिटं बसलो तर माझाच जीव घाबरा झाला. माझं ऐका, पंखा लावा, रेडिओ परत आणा, काहीतरी वाजत राहू द्या. हे तक्ते मी आत्ताच्या आत्ता काढून नेतो. आज झोप लागेल बिचाऱ्यांना.”

सून जमिनीवर सांडलेल्या काथ्याची कुसळं झाडूने गोळा करत होती. ती सुपलीत भरून तिने वर पाहिलं.

“डॉक्टरही पहिल्याच दिवशी अगदी हेच म्हणाले होते,” ती म्हणाली. “बरं, छताला तक्ते लावायला कधी येताय?”