पेट्यांची अंगाई

"वारा निजला, पान निजलं, तुम्हीही निजा गं बायांनो..." मधमाश्यांच्या पेट्या उघडताना आई ही अंगाई गुणगुणायची. "गाण्यानं माश्या शांत होतात," असं ती लहानग्या लेकीला सांगायची.

आता आईचे हात थरथरतात, म्हणून पेट्या लेकीकडे आल्या. बाग फुलली होती, फळं धरायला माश्या हव्या होत्या. पेटी उघडून, आतल्या माश्या दाखवल्याशिवाय बागवाला पेट्या ठेवून घेणार नव्हता.

"तुमच्या आईंनी हात घातला असता, तर एव्हाना उघडून झालं असतं," कुंपणापाशी उभा राहून तो म्हणाला.

तिने झाकण उचललं आणि घोंगावणं एकदम वाढलं. तिने अंगाई धरली, पण आवाज कापू लागला. माश्या तोंडावरच्या जाळीवर आदळायला लागल्या.

"आई, माझं ऐकतच नाहीत गं या!"

झाडाखाली बसलेली आई काठी टेकत आली. बागवाल्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं लेकीच्या कानाशी म्हणाली, "माश्यांना कुठले आलेत कान? जन्मभर झाकण उचलताना माझे पाय लटपटले, बाळा. मी निजवायचे ती माझी भीती."