पोचलो की फोन करतो

शाळेची बस चालवणारे बसकाका शिस्तीचे पक्के. हातात स्टिअरिंग असताना खुद्द सासऱ्यांचा फोन आला, तरी उचलायचे नाहीत. बस चालू लागली की त्यांचा मोबाइल आपणहून मेसेज धाडायचा : 'गाडी चालवतोय. पोचलो की फोन करतो.'

त्या दिवशी सुट्टी होती. बसकाका लेकीला मांडीवर घेऊन जेवत होते. बसची किल्ली खुंटीवर होती, पण मोबाइल काही सापडेना. म्हणून बायकोने आपल्या फोनवरून रिंग दिली. कपाटात रिंग वाजली आणि लगेच तिला मेसेज आला : 'गाडी चालवतोय.'

"अहो, पाटावर बसून कुठली गाडी हाकताय?" ती हसली.

"फोनचं डोकं फिरलंय झालं."

तिने गंमत म्हणून पुन्हा रिंग दिली. या वेळी मेसेज आला : 'वळणावर आहे. दोन मिनिटांत पोचतो.'

बसकाकांचा घास हातातच राहिला. "हे मी कधीच लिहून ठेवलेलं नाही."



फाटकापाशी हॉर्न वाजला. दोन छोटे, एक लांब. घरी आल्यावर बसकाका रोज वाजवायचे, तसाच.

त्यांच्या मांडीवरून लेक टुणकन उठली आणि दाराकडे धावली. "बाबा आले!"