पीठ खाली, कोंडा वर

“वाचत बसायचं नाही, बाई. फोटो बघायचा. तीन सेकंद.”

तपासनीसाने फाइल उघडली, मिटली आणि डावीकडच्या ढिगावर टाकली. डावीकडे बाद, उजवीकडे पास.

समोरच्या बाई कालच कामावर आल्या होत्या. पन्नाशी उलटलेली, जाड चष्मा, हातात पेन्सिल. प्रत्येक ओळीखाली पेन्सिल फिरवत त्या कागद वाचत. सकाळपासून त्यांच्या चार फाइली झाल्या होत्या. त्याच्या साठ.

“आधी शाळेत होता का?”

“एकवीस वर्षं.”

“तरीच. इथे वह्या नाही तपासायच्या. माणसं तपासायचीत.”

मोबाइलवरून गाडी बोलावायची सोय देणारी ही कंपनी. चालक म्हणून कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही, हे नऊ वर्षं तोच ठरवत होता. चालक त्याला पाठीमागे चाळणी म्हणत. ते त्याच्या कानावर आलं होतं आणि आवडलंही होतं. “पीठ खाली, कोंडा वर,” तो म्हणायचा आणि वरच्या ओठावरून बोट फिरवायचा. बायकोने मिशी उतरवायला लावून सात वर्षं झाली, तरी बोटाची खोड गेली नव्हती.

गेल्या महिन्यात कंपनीच्या एका चालकाने एका मुलीला भलत्याच रस्त्याला नेलं होतं. चालत्या गाडीतून उडी टाकून ती वाचली, पाय मोडला. त्यानंतर वरची मंडळी हलली. प्रवाशांच्या सुरक्षेसाठी वेगळा विभाग निघणार होता आणि त्याचा प्रमुख आजच ठरणार होता. दुसरं कुणाचं नाव चर्चेत नव्हतं, निदान तो करत होता त्या चर्चेत. नव्या खोलीच्या पडद्यांचा रंगसुद्धा त्याने ठरवून टाकला होता.

“त्या चालकाला पास कुणी केलं होतं?” बाईंनी विचारलं.

“सही माझी होती. पण फोटो धूसर होता.”

दार किलकिलं झालं. एक म्हातारा चालक आत डोकावला. गालावर कानापर्यंत जुना व्रण.

“साहेब, माझ्या अर्जाचं काय झालं?”

“बाद.”

“सव्वीस वर्षं चालवतोय, साहेब. एक ओरखडा नाही.”

“गाडीवर नसेल. गालावर आहे ना.”

“काका, गालाला काय झालं होतं?” बाईंनी विचारलं.

“लहानपणी सायकलवरून पडलो, ताई.”

“सगळे सायकलवरूनच पडतात,” तपासनीस म्हणाला. “जा आता. दार ओढून घे.”

म्हाताऱ्याने दार ओढून घेतलं. आवाजही झाला नाही. बाईंनी पेन्सिलीने कुठेतरी काहीतरी टिपून ठेवलं.

“तुम्हाला मुलगी आहे ना? ती आपल्याच गाड्यांनी जाते?”

“वेड लागलंय का? तिला मी स्वतः सोडतो. या लोकांचा काय भरवसा?”

जेवणानंतर बाईंनी दोन फाइली त्याच्यापुढे सरकवल्या.

“या मला जमत नाहीत. तुम्ही बघता?”

त्याने पहिली उघडली. गुळगुळीत दाढी, नीट भांग, हसरा चेहरा.

“यात न जमण्यासारखं काय आहे? आईचा लाडका दिसतोय. पास.”

“मागची पानं…”

“मागच्या पानांत झेरॉक्स असतात. कागद खोटं बोलतो, बाई. थोबाड बोलत नाही.”

दुसरी फाइल उघडताच त्याने नाक मुरडलं.

“आणि हा बघा. हे शिकून घ्या. एवढी झुडपासारखी मिशी माणूस कशाला ठेवतो? ओठ लपवायला. डोळ्यांत दयामाया नाही. वर पुन्हा आपल्याइतका शहाणा दुनियेत कुणी नाही असा आव. अशाच्या हाती लोकांच्या लेकीबाळी द्यायच्या?”

“एकदा नीट बघा. मला घाई नाही.”

“नीट बघायला हा काय नवरदेव आहे?”

शेऱ्याच्या रकान्यात त्याने ठळक अक्षरांत लिहिलं: ‘नालायक. प्रवाशांच्या आसपास फिरकू देऊ नये.’ खाली झोकदार सही केली.

पाच वाजता मोठे साहेब खोलीत आले. तपासनीस उठला, शर्ट ओढून नीट केला, हात पुढे केला. साहेब त्या हाताच्या बाजूने पुढे गेले आणि बाईंच्या खुर्चीपाशी अदबीने थांबले.

“झाली का पाहणी, मॅडम?”

“झाली.”

बाईंनी पहिली फाइल उघडून त्याच्यापुढे ठेवली. “त्या मुलीला घेऊन जाणारा हाच. या फोटोत दाढी केली आहे, एवढंच. तिसऱ्या पानावर पोलिसांची नोंदसुद्धा लावून ठेवली होती मी.”

त्याने पान उलटलं. नोंद होती.

“एक चुकली असेल,” तो साहेबांना म्हणाला. “पण दुसरी बघा ना, साहेब. तो कोंडा मी बरोबर वर काढलाय.”

“बरोबरच काढलाय,” बाई म्हणाल्या. “तुमचा शेरा मला मान्य आहे. मी तो तसाच पुढे पाठवणार आहे.”

तपासनीसाचा जीव भांड्यात पडला. बोट ओठाकडे गेलं.

“फक्त तुम्ही वरून सुरुवात केली नाहीत,” बाई म्हणाल्या. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाशी बोलावं तसा त्यांचा आवाज मऊ होता. “पहिली ओळ वाचा पाहू. मोठ्याने.”

त्याने फाइल जवळ ओढली आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. अर्जदाराच्या रकान्यात, पेन्सिलीने स्वच्छ अक्षरांत, त्याचंच नाव होतं.