पातेलं कुणी धरायचं?

कोथरूडच्या सोसायटीत वरच्यांचं बाथरूम चार दिवस गळत होतं आणि थेंब नेमका नसीमच्या नवऱ्याच्या कपाळावर पडायचा. पाय प्लास्टरमध्ये, पलंगाला सरकायला जागा नाही, म्हणून ती उशाशी पातेलं धरून उभी. खांदे भरून आलेले. तिचा नवरा, निवृत्त इतिहासशिक्षक मकबूलसर, मात्र पडल्यापडल्या खुशीत होते. “नॉर्स पुराणात असंच आहे. बांधलेल्या लोकीदेवाच्या तोंडावर साप विष ठिबकवतो, बायको जगबुडीपर्यंत वाडगा धरते.” “आणि ग्रीकांत?” “तिथे बांधलेल्या देवाला सोडवायला वीर येतो. पुराणांवरून समाज कळतो.” “आपल्याकडे?” “सेक्रेटरी म्हणाले, विषय पुढच्या सभेत घेऊ.” “अहो, पण लोकीनं वाडगा स्वतःच का नाही धरला?” “अगं, त्याचे हात बांधलेले होते!” नसीमनं सरांच्या हातांकडे पाहिलं. एकात चहा, दुसऱ्यात बिस्कीट. तिनं दोन्ही काढून घेतली, पातेलं हातांत दिलं आणि चार दिवसांत पहिल्यांदाच बसून चहा प्यायली.