खळीचं नाव

वहिनींच्या धाकट्या दिराचं लग्न झालं त्या वर्षी, पदवीदान समारंभ तोंडावर आलेला असताना खुणांच्या भाषेच्या दुभाषी बाई जिन्यावरून पडल्या आणि त्यांच्या उजव्या हाताला प्लास्टर बसलं.

"आमच्या धंद्यात याला गळा बसणं म्हणतात," बाई फोनवर हसत म्हणाल्या. पण वहिनींना हसू आलं नाही.

विद्यापीठाच्या कार्यक्रम विभागात सगळे त्यांना वहिनीच म्हणत. मंडपापासून पाहुण्यांच्या गाडीपर्यंत सगळं त्यांच्या अंगावर. खुणांच्या भाषेची सोयही त्याच करत. या कामात दुभाषी नेहमी जोडीनं लागतात. एकाचे हात आणि डोकं थकलं की दुसरा उभा राहतो. आता जोडीतला एकच उरला होता, बाईंचा जोडीदार. गावातले बाकीचे दुभाषी आधीच कुठे ना कुठे अडकलेले.

ही सोय मागितली होती एका विद्यार्थिनीनं, वडिलांसाठी. वडील शिंपी. वहिनींची एक पद्धत होती. सोय मागणाऱ्याला का आणि कशासाठी असं विचारायचं नाही, पुरावा मागायचा नाही. कोणती भाषा लागेल आणि कुठे बसणार, एवढंच विचारायचं. लोकांना आयुष्यभर पुरावे देऊन कंटाळा आलेला असतो, असं त्या म्हणत.

साहेबांना ते पटत नसे.

"एका माणसासाठी दोन दुभाषी? मला घरी सासूबाईंसाठी एक मिळत नाही! पडद्यावर अक्षरं सोडा. वाचता येतं ना त्यांना?"

वहिनींनी मुलीला विचारलं.

"रोज पेपर वाचतात," मुलगी म्हणाली. "पण अक्षरं नकोत. दुभाषी नसेल तर बाबा येणार नाहीत. आणि ते नसतील तर मी स्टेजवर चढायची नाही. पदवी पोस्टानं पाठवा."

"अगं, असं काय करतेस! एवढी शिकलीस ती काय पोस्टमनच्या हातून पदवी घ्यायला?"

मुलीचे डोळे भरले होते. वहिनींनी पाण्याचा पेला पुढे केला आणि त्या तशाच साहेबांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, दुभाषी एकच आहे. तो एकटा तासभर तग धरेल. मग आपण समारंभच तासाभरात बसवू. कुलगुरूंचं भाषण अर्धं करायचं आणि आभार दोन वाक्यांत."

"कुलगुरूंना कोण सांगणार?"

"तुम्ही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मागच्या वर्षी त्या भाषणात ते स्वतः घोरले होते, आणि पहिल्या रांगेतल्या सगळ्यांनी ते ऐकलं होतं.

"सांगतो," ते म्हणाले.

समारंभाच्या आदल्या दिवशी वहिनींनी बापलेकीला आणि दुभाष्याला सभागृह बघायला बोलावलं. वडील बारीक अंगाचे, इस्त्रीच्या शर्टातले. गळ्यात मोजपट्टी तशीच राहिली होती. लेकीनं खूण केली तशी त्यांनी ती घाईनं खिशात कोंबली. दोघं सारखी हातांनी बोलत होती, मध्येच हसत होती. मुलगी वहिनींना सांगत होती, "बाबा म्हणतायत, पडद्याचं कापड चांगलं आहे, पण शिवण वाकडी."

"उद्या पडद्याकडे बघू नका म्हणावं. दुभाष्याकडे बघा."

मागून शिपाई खुर्च्या ढकलत आला. सगळे बाजूला झाले. दुभाषी जिथे उभा राहणार तिथे वहिनींनी दिवा लावून पाहिला, हातावर सावली पडत नाही ना याची खात्री केली. वडिलांची खुर्ची थोडी उजवीकडे सरकवली.

मग दुभाष्यानं मुलीकडे वळून विचारलं, "तुझं खुणेतलं नाव काय?"

मुलीनं गालावर बोट टेकवून हलकेच फिरवलं. "खळी. कागदावरचं नाव लांबलचक आहे. घरात मी एवढीच."

"अशी नावं आम्ही ठेवू शकत नाही, वहिनी," दुभाषी म्हणाला. "ज्यांना ऐकू येत नाही त्यांनीच ठेवायची, अशी रीत आहे." तो वडिलांकडे वळला आणि हातांनी म्हणाला, छान ठेवलंत हं.

वडिलांनी लेकीकडे पाहिलं. तिनं त्यांच्या खिशातून डोकावणारी मोजपट्टी आत सारली.

दुसऱ्या दिवशी कुलगुरूंचं भाषण खरंच आटोपशीर झालं. टाळ्या मात्र नेहमीपेक्षा जास्त पडल्या. प्लास्टरवाल्या बाई हट्टानं आल्या होत्या. त्या पहिल्या रांगेत बसून एखादा शब्द निसटला की डाव्या हातानं जोडीदाराला सुचवत होत्या. नावं पुकारली जाऊ लागली. मुलीचं लांबलचक नाव माइकवर अडखळत आलं, आणि त्याच वेळी दुभाष्यानं सगळ्या सभागृहासमोर गालावर बोट टेकवून फिरवलं.

वडील उभे राहिले. दोन्ही हात वर करून त्यांनी पंजे हलवले. खुणांच्या भाषेत टाळ्या अशाच वाजवतात. मागच्या रांगेतलं कुणीतरी "बसा हो" म्हणालं. ते बसले नाहीत. स्टेजवरून मुलीनंही तसेच हात हलवले. पदवी बगलेत धरली होती, ती खाली पडली आणि सगळे हसले.

समारंभ संपल्यावर मुलगी मैत्रिणींबरोबर फोटो काढायला गेली. वडील बाहेरच्या बाकावर एकटेच बसले होते. वहिनींनी बाईंकडून 'अभिनंदन'ची खूण शिकून घेतली होती. वडिलांसमोर जाऊन त्यांनी ती केली, जरा चुकतमाकतच.

वडिलांनी हात जोडले आणि बाकावर जागा करून दिली.

"बसा वहिनी," ते म्हणाले. "सकाळपासून उभ्या आहात."

आवाज स्वच्छ होता. त्यांना लहानपणापासून उत्तम ऐकू येत होतं. ऐकू येत नव्हतं ते मुलीच्या आईला, आणि मुलगी आठवीत असताना आई हिवाळ्यात वारली.