जीपची दृष्ट

धाकटे दीर सहादेव यांनी लष्कराच्या लिलावातली गंजकी जीप दारात आणली, तेव्हा लंकाबाई मनसोक्त हसल्या होत्या. पण नागापूरच्या गॅरेजात आठ महिने राबून सहादेवांनी त्या जीपला नवे इंजिन, रुंद टायर आणि ताडपत्रीचे छत चढवले, आणि अर्धे केडगाव ती पाहायला लोटले. लंकाबाईंच्या लेकाच्या कोऱ्या मोटारीकडे कुणी मान वळवूनही पाहीना. त्यांच्या घशाखाली घास उतरेना.

चौथ्याच दिवशी जीप भर चौकात बंद पडली. ढकलत घरी आणली, तशी धाकटी जाऊ अंजना मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या घेऊन आली.

"आक्का, कुनाची तरी दिष्ट लागली बगा. घरात तुमी थोरल्या, तुमच्याच हातानं काढा."

नाही म्हणायची सोय नव्हती. आल्यागेल्याची, शेजारणीपाजारणीची, वाटेवरच्या वाटसराची दृष्ट म्हणत लंकाबाईंनी जीपवरून मिरच्या ओवाळल्या आणि निखाऱ्यांवर टाकल्या. ठसका उठला तर काही नाही. न उठला तर नजर जबर, हे तिथे जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. मिरच्या जळून काळ्या झाल्या, तरी कुणाला साधी शिंक आली नाही.

"आगं बया! येवढी जळकी नजर कुनाची म्हनावी?" अंजना म्हणाली, आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले.


लंकाबाईंनी घाईघाईने पदर तोंडाला लावला आणि त्या जोरजोरात खोकू लागल्या.